शेवटचे दोन खण

"कंटेनर अडकलेत. सकाळपासून एकही पुढे सरकलेला नाही."

एप्रिल २०२४ मधली दुपार. सटाण्याजवळच्या आमच्या मळ्यातल्या घरात, वरच्या खोलीत बसून मी हे फोनवर टीम लीडला सांगत होतो. खाली ओट्यावर खाट टाकून पडलेले अप्पा ऐकतायत, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीत झालं होतं आणि जिना चढायला सक्त मनाई होती. तरी दोन मिनिटांत जिन्यावर काठीचा आवाज आला आणि दारात अप्पा उभे.

"कोठे अडकनात? न्हावा शेवाला?"

आम्ही घरात अर्धी मराठी, अर्धी अहिराणी बोलतो. अप्पा घाबरले किंवा चिडले की पूर्ण अहिराणीवर येतात.

८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद होती. ३१ मार्चला बंदी संपेल म्हणून सगळे थांबले होते, तर मार्चच्या चौथ्या आठवड्यात ती पुढचा आदेश येईपर्यंत वाढवली गेली. तेव्हा आमच्याकडे कंटेनर या शब्दाला एकच अर्थ होता: व्यापाऱ्याच्या खळ्यावर भरून न्हावा शेवाला जाणारी आणि तिथून कोलंबो, दुबई, मलेशियाला निघणारी ती लांबलचक लोखंडी पेटी. पेट्या हलल्या तर भाव हलणार. कंटेनर अडकले याचा अर्थ अप्पांनी असा लावला, की कुठेतरी कंटेनर निघाले तरी असावेत. त्यांच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा आशाच जास्त होती.

"अप्पा, हे ते कंटेनर नाहीत."

"मंग कोणते?"

या प्रश्नाचं उत्तर मला सहा वर्षांत नीट देता आलेलं नाही. त्या दिवशीही "कॉम्प्युटरचे" एवढंच म्हणालो आणि त्यांना धरून खाली घेऊन गेलो. इथे जरा नीट सांगून बघतो.

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्याने 'आयडियल एक्स' नावाच्या जहाजावर ५८ पेट्या चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. तोवर जहाजात माल चढायचा तो गोण्या, पिंपं, खोकी असा सुटा सुटा, हमालांच्या पाठीवरून. मॅक्लीनचं म्हणणं साधं होतं. आत काय आहे याच्याशी क्रेनला, ट्रकला, जहाजाला देणंघेणं नको. बाहेरून सगळ्या पेट्या सारख्या असल्या की झालं. सॉफ्टवेअरमध्ये हीच कल्पना २०१३ मध्ये डॉकरमुळे घराघरात (म्हणजे आमच्यासारख्यांच्या घराघरात) पोचली. प्रोग्राम आणि त्याला लागणारा सगळा संसार एका पेटीत बंद करायचा. ती पेटी माझ्या लॅपटॉपवर चालली तर तुमच्या सर्व्हरवरही चालणार. मग पेट्या हजारोंनी झाल्या. कुठली कुठल्या यंत्रावर ठेवायची, एक पडली तर दुसरी कुठे उभी करायची, हे बघायला कुणीतरी हवं. त्यासाठी गूगलने २०१४ मध्ये कुबरनेटिस खुलं केलं. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ जहाजाचं सुकाणू धरणारा. अनेक यंत्रं एकत्र बांधून त्यांच्यावर हा सुकाणूवाला बसवला की त्याला आम्ही क्लस्टर म्हणतो.

आता माझं काम. आमच्या कंपनीचा एक ग्राहक आहे, पैशांचे व्यवहार सांभाळणारी एक संस्था. त्यांना एक मोठं, महागडं एंटरप्राइझ सॉफ्टवेअर त्यांच्या स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये बसवून हवं होतं. पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायचा हा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८ चा आदेश आहे, आणि त्यापुढे जाऊन या मंडळींनी क्लस्टरला इंटरनेटच दिलेलं नव्हतं. नऊ यंत्रं. तीन कारभार बघणारी, सहा राबणारी. राबणाऱ्या सहांपैकी तीन फक्त डेटाबेससाठी राखून ठेवलेली. प्लॅटफॉर्म ओपनशिफ्ट, म्हणजे कुबरनेटिसचंच कंपन्यांसाठी बांधून दिलेलं रूप.

सॉफ्टवेअर बसवायला एक शनिवारची रात्र पुरते. जागा तयार करायला दोन-तीन आठवडे लागतात. ते दोन-तीन आठवडे माझे.

इंटरनेट नाही, म्हणजे सगळ्या पेट्या आधी बाहेर उतरवून घ्यायच्या आणि तपासून आतल्या खाजगी गोदामात नेऊन ठेवायच्या. या गोदामाला आम्ही रजिस्ट्री म्हणतो. शेकडो पेट्यांत एक जरी राहिली, तरी ऐन वेळी क्लस्टर ती मागत राहतो आणि मिळत नाही म्हणून अडकतो. (त्या दुपारी फोनवर मी ज्या अडकलेल्या कंटेनरबद्दल बोलत होतो ते हेच. चाचणीपुरतं थोडं बसवून बघत होतो आणि सात पेट्या आणायच्या राहिल्या होत्या.) मग गोदामाची चावी प्रत्येक यंत्राकडे द्यायची. साठवणीची सोय करायची, तीही दोन तऱ्हांची: एकाच कप्प्यात अनेकांनी एकाच वेळी हात घातला तर चालेल अशी, आणि डेटाबेससाठी, जिथे एकाशिवाय दुसऱ्याचा हात नको. नऊ यंत्रांची घड्याळं जुळवायची. काही मिनिटांचा फरक पडला तर एक यंत्र दुसऱ्याचं ओळखपत्र खोटं ठरवतं. दारावरचा लोड बॅलन्सर एखाद्या विनंतीला अर्ध्या मिनिटात उत्तर आलं नाही तर फोन ठेवून देतो, त्याला पाच मिनिटं थांब म्हणून सांगायचं. कुठल्या पेटीला कुठले अधिकार, ते ठरवायचं.

आणि एक बारीकशी गोष्ट. पीआयडी लिमिट. एका पॉडमध्ये, म्हणजे एकत्र ठेवलेल्या पेट्यांच्या एका जुडग्यात, एका वेळी किती प्रक्रिया चालू शकतात याची मर्यादा. ती मुळात ४०९६ असते. या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसला १६३८४ लागते. एक आठ-दहा ओळींची फाइल लिहायची, ती लावायची, यंत्रं एकेक करून आपोआप रीस्टार्ट होतात, झालं. माझ्या यादीत ही नोंद एकतिसावी होती.

मला हे काम आवडतं. सांगायला अवघड आहे, कारण यात दाखवण्यासारखं काही नसतं. सगळं नीट झालं तर शनिवारी रात्री बसवणारा माणूस म्हणतो, "काही अडचण आली नाही." माझं कौतुक एवढंच. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत नाशिकला आम्ही जे जे केलं ते चालवून दाखवायचं होतं. चालवण्याआधीचं काही दाखवायला कुणी मागितलं नाही.

आता चाळीकडे वळतो, कारण त्याच आठवड्यात तीही तयार करायची होती.

चाळ म्हणजे मुंबईची नव्हे, कांद्याची. तुम्ही नाशिक जिल्ह्यातून गेला असाल तर रस्त्याच्या कडेला बघितली असेल. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, बाजूला पट्ट्या किंवा जाळी, वर उतरते पत्रे. आमची दोन पाखी आहे, म्हणजे मधे जायला वाट आणि दोन्ही बाजूंना कांद्याची एकेक ओळ. चाळीस फूट लांब, पूर्व-पश्चिम. एकेका बाजूला पाच खण, एकूण दहा. एका खणात साधारण पंचवीस क्विंटल, सगळी मिळून पंचवीस टन. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो तेव्हा सगळ्यांचाच निघतो, म्हणून भाव पडलेला. जो चाळीत टिकेल तो पावसाळ्यात, सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत विकता येतो. त्या एप्रिलमध्ये मार्केटला क्विंटलला तेराशेच्या आसपास मिळत होते. अप्पांनी ठरवलं, सगळा चाळीत.

चाळीची तयारी चाळीत सुरू होत नाही, हे मला त्या वर्षी कळलं. ती शेतात सुरू होते. टिकवायच्या कांद्याला दोन महिन्यांनंतर युरिया द्यायचा नाही. दिला तर कांदा फुगतो, वजनाला छान दिसतो आणि चाळीत सडतो. काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी पाणी तोडायचं. निम्म्या माना पडल्या की काढायचा, पातीसकट शेतातच सुकवायचा, मग मान इंचभर ठेवून पात कापायची. फार जवळून कापली तर तिथूनच बुरशी शिरते. मग निवड: जोड कांदा बाजूला, डेंगळे बाजूला, चिंगळी बाजूला. चांगला, एकसारखा, कोरडा तेवढाच चाळीत. आणि ढीग पाच फुटांवर नाही, नाहीतर खालचे दबतात.

यातलं सगळं अप्पांनी खाटेवरून करून घेतलं. मजुरांची टोळी होती, आई होती आणि मी होतो. पुण्याहून दोन आठवडे घरून काम करायची परवानगी काढून आलो होतो ती त्यासाठीच. माझ्याकडे चाळीचा तळ आला.

कांदा चाळीत टिकतो तो हवेवर. हवा खालून शिरते, ढिगातून वर जाते, ओल घेऊन बाहेर पडते. म्हणून तळाखालची दीड-दोन फुटांची जागा मोकळी हवी. वर्षभरात तिथं काय काय साठतं: मागच्या सालची टरफलं, सडून वाळलेले कांदे, पावसाने वाहून आलेली माती, गवत, घुशींनी उकरलेले ढिगारे. ते सगळं पोटावर सरकत, फावड्याने आणि हाताने ओढून बाहेर काढायचं. शरीराने हे कामच असं आहे, की निम्म्यावर आल्यावर माणूस स्वतःला पटवायला लागतो.

गुरुवारी संध्याकाळी मी आठ खण नीट केले. खरंच नीट केले. पूर्वेकडच्या टोकाचे दोन राहिले, दोन्ही ओळींतला एकेक. सहा वाजले होते, साडेसहाला ग्राहकाबरोबर मीटिंग. शिवाय त्या बाजूला बांधाजवळ आईने आदल्याच दिवशी साप बघितला होता. मी बाहेरूनच गुडघ्यावर बसून मोबाइलचा टॉर्च मारला. पहिले दोन-तीन फूट तर मोकळे दिसत होते.

"झालं?" अप्पांनी विचारलं.

"झालं."

"शेवटलोंग?"

"हो."

शुक्रवारी चाळ भरायला सुरुवात झाली. पश्चिमेकडून.

शनिवार, २० एप्रिल. रात्री दहा ते सकाळी सहा ही आमची विंडो, म्हणजे ग्राहकाने दिलेली वेळ. त्या आठ तासांत हात लावायचा, बाहेर नाही. वरच्या खोलीत मी लॅपटॉप, इन्व्हर्टर, दोन कंपन्यांचे दोन हॉटस्पॉट अशी जय्यत तयारी करून बसलो. तसं माझं काम संपलेलं होतं. बसवणारा सहकारी पुण्यात होता, मी "लागलं तर असावा" म्हणून कॉलवर. यादीतल्या बेचाळीसच्या बेचाळीस नोंदींपुढे हिरवी खूण होती.

पहिले चार तास छान गेले. पेट्या गोदामातून निघत होत्या, जागेवर बसत होत्या. दोनच्या सुमाराला डेटाबेस उभा राहायला लागला आणि पडला. पुन्हा उभा राहिला, पुन्हा पडला. स्क्रीनवर क्रॅशलूपबॅकऑफ. ज्यांचा या शब्दाशी संबंध येतो त्यांना पोटात काय होतं ते माहीत आहे. म्हणजे: मी प्रयत्न करतोय, पडतोय, आता जरा जास्त वेळ थांबून परत करीन.

आधी वाटलं मेमरी. मग वाटलं साठवण, कारण डेटाबेस पडला की पहिला संशय साठवणीवर घ्यायची पद्धत आहे. त्यात चाळीस मिनिटं गेली. मग लॉगमध्ये वर सरकत गेल्यावर एक ओळ दिसली: नवी प्रक्रिया सुरू करता येत नाही, साधन तात्पुरतं उपलब्ध नाही.

सहकारी म्हणाला, "पीआयडी लिमिट बघितलं होतंस ना?"

"बघितलं होतं. सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी."

"कुठल्या नोडवर?"

मी उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायची गरज नव्हती, कारण तो विचारत असतानाच मला दिसलं. मी ती फाइल लिहिली होती 'वर्कर' या गटासाठी. डेटाबेसची तीन यंत्रं वेगळ्या गटात होती, आणि त्या गटावर ते लेबलच नव्हतं. सूचना त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. तपासताना मी एका वर्करवर शिरलो, आकडा बघितला आणि खूण केली. एका यंत्रावर बरोबर आहे म्हणजे सहांवर बरोबर आहे. राबणारी यंत्रं सगळी सारखीच तर असतात.

डेटाबेसच्या पहिल्या यंत्रावर शिरून बघितलं. ४०९६. दुसऱ्यावर ४०९६. तिसरं बघितलंच नाही असं लिहिलं तर तुम्हाला राग येईल. बघितलं. ४०९६.

उपाय एका ओळीचा होता: गटाला लेबल लावायचं. पण ते लावलं की तिन्ही यंत्रं एकामागून एक रिकामी होणार, बंद होणार, पुन्हा चालू होणार. ग्राहकाची यंत्रं त्यांच्या मंजुरीशिवाय बंद करता येत नाहीत. मंजुरी देणारे गृहस्थ झोपलेले. रात्री तीनला त्यांना उठवायचं कुणी, यावर पंधरा मिनिटं.

आमच्या सटाण्याचं दैवत म्हणजे देव मामलेदार. यशवंतराव महाराज इथे मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात वरची परवानगी न घेता त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी उघडला, आणि गावाने त्या सरकारी अधिकाऱ्याचं मंदिर बांधलं. दरवर्षी मार्गशीर्षात यात्रा भरते, लहानपणी आम्ही तिथल्या पाळण्यात बसायचो. मला त्या रात्री महाराजांची फार आठवण झाली. अर्थात त्यांनी लोक वाचवण्यासाठी नियम मोडला होता. मला माझी खूण वाचवायची होती.

मंजुरी पावणेचारला आली. खऱ्या सर्व्हरचं रीस्टार्ट म्हणजे मोबाइल बंद-चालू करणं नव्हे. नुसती मेमरी तपासून उभं राहायलाच एकेक वीस-वीस मिनिटं घेतो. त्यात पहिलं यंत्र रिकामंच होईना, कारण त्यावरची एक पेटी "माझ्यासारखी दुसरी उभी असल्याशिवाय मी हलणार नाही" म्हणून अडून बसली होती. तिची समजूत घालण्यात आणखी वेळ. साडेपाचला दुसरं यंत्र चालू होत होतं. सहाला ग्राहकाने थांबायला सांगितलं. अर्धवट बसलेलं सगळं काढा, पुढची विंडो दोन आठवड्यांनी.

सात वाजता कॉल संपला. ग्राहकाकडचे एक वरिष्ठ शेवटी फक्त एवढंच म्हणाले, "यादीत तर हिरवं होतं." आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मी त्या कॉलवर सगळ्यांसमोर सांगितलं, की मी एकच नोड तपासला होता. दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतंच. कुणी कुठल्या वेळी कुठल्या यंत्रावर शिरलं याची नोंद असते.

खाली आलो. ट्रॅक्टरची ट्रॉली चाळीच्या पूर्वेच्या टोकाला उभी होती. आठ खण भरून झाले होते, नवव्यात पाट्या रित्या होत होत्या. अप्पा खुर्ची टाकून सावलीत बसले होते. माझं तोंड बघून म्हणाले, "काय व्हयनं?"

"नाही झालं. एक गोष्ट तपासायची राहिली माझ्याकडून."

"जेवी ले आधी. मंग झोप."

बस, त्या क्षणी बोलायला हवं होतं. दहावा खण पूर्ण रिकामा होता, नववा पाव भरलेला. तासाभराचं काम. टोळीला तासभर बसवून ठेवायचं, पंधरा बायकांची मजुरी अंगावर, आभाळ थोडं भरून आलेलं, आणि आपण बापाशी खोटं बोललो हे पंधरा बायकांसमोर सांगायचं. मी आत जाऊन चहा-चपाती खाल्ली आणि झोपलो. उठलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि चाळ भरलेली होती.

सोमवारी मी अहवाल लिहिला. ज्याला आम्ही आरसीए म्हणतो, मूळ कारण शोधणारा कागद. तो मी चांगला लिहिला, कबुलीसकट. यादीत बदलही सुचवला: "तपासलं" एवढं लिहून चालणार नाही, नऊ यंत्रांची नावं आणि नऊ आकडे डकवायचे. टीम लीडने तो इतर टीमना नमुना म्हणून पाठवला. प्रामाणिक अहवाल असं त्याचं कौतुक झालं. मला ते कौतुक नीट घेता आलं नाही. तुम्हाला कारण माहीत आहे.

पुढची विंडो शनिवार, ४ मे. यावेळी मी पुण्यात ऑफिसमध्ये. सकाळीच अप्पांचा फोन.

"सुटनात रे कंटेनर!"

निर्यातबंदी त्या दिवशी उठली. टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि वर ४० टक्के शुल्क अशा अटी होत्या, म्हणजे दार उघडलं आणि उंबऱ्यावर ओंडका टाकला. पण उघडलं. त्या रात्री आमचंही सगळं पहाटे साडेतीनला उभं राहिलं. डेटाबेस एकदाही पडला नाही. बसवणारा सहकारी म्हणाला, "काही अडचण आली नाही."

अप्पांनी चाळ टप्प्याटप्प्याने फोडली. थोडा कांदा जूनमध्ये, थोडा ऑगस्टमध्ये, दर वेळी पश्चिमेकडून. १३ सप्टेंबरला किमान भावाची अट गेली, शुल्क निम्म्यावर आलं, आणि भाव चार हजारांच्या आसपास खेळायला लागला. शेवटचे दोन खण अप्पांनी या दिवसांसाठीच राखले होते. मी त्या शनिवारी-रविवारी घरी होतो. नाशिकहून बसने उतरून मळ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हाच वास आला.

वरचे कांदे चांगले होते. फूटभर खाली हात घातला की ऊब लागत होती. ढिगाच्या आत गरम लागणं म्हणजे काय हे सांगायला शेतकरी असावं लागत नाही. पाच महिन्यांत थोडं वजन घटतं, थोडं सडतं, ते धरूनच हिशेब असतो. पण इथं निवडून निवडून पन्नास क्विंटलमधले वीसेक क्विंटल टाकून द्यावे लागले. काळं पाणी गळत होतं. मजूर बायकांनी पदर नाकाला बांधले होते. चाळ रिकामी झाल्यावर मी एकटा मागे गेलो आणि खाली वाकलो. तीन फुटांपुढे घुशीचा ढिगारा होता, जुन्या टरफलांनी भरलेला, तळाच्या पट्ट्यांना टेकलेला. हवा तिथं शिरायला जागाच नव्हती.

ऐंशी हजार रुपये. माझ्या एका महिन्याच्या पगाराएवढे. मी ते वेगवेगळ्या निमित्तांनी घरी पाठवून टाकावेत असा विचार केला. तोही एक प्रकारचा लपवालपवीचाच हिशेब होता.

अप्पा म्हणाले, "औंदा पाऊस जास्त व्हयना." शेजारच्या काकांना, व्यापाऱ्याला, आईला, सगळ्यांना त्यांनी तेच सांगितलं. मीही तिथंच उभा होतो.

सांगितलं ते दिवाळीत. उन्हाळ कांद्याचं रोप टाकायचं चाललं होतं. अप्पांचा गुडघा बरा झाला होता, ते वाफ्यात बसून बी फोकत होते आणि मी मागून माती सारत होतो. समोरासमोर नसल्यामुळे बोलता आलं असावं. सगळं सांगितलं: आठ खण केले, दोन केले नाहीत, टॉर्च मारला, झालं म्हणालो. रविवारी सकाळी आठवलं होतं, तरी बोललो नाही.

ते बी टाकायचे थांबले नाहीत. वाफ्याच्या टोकापर्यंत गेले, उठले, गुडघ्यावर हात ठेवून जरा उभे राहिले.

"कोणते दोन? उगवतीकडचे?"

"हो."

बराच वेळ काही बोलले नाहीत. पलीकडच्या वाफ्यात आई पाणी धरत होती, तिच्याकडे बघत राहिले. मग बियाण्याची पिशवी माझ्या हातात दिली.

"मंग औंदा तठून सुरू कर."